पेवात सोडलेला दिवा

माघ लागला की आमच्या सांगलीत माणसांचे हात पिवळे होतात. मार्केट यार्डातल्या हमालांचे होणारच. पण एस.टी.च्या कंडक्टरची बोटंही पिवळी होतात, चहावाल्यानं परत दिलेल्या नोटेवर पिवळा अंगठा उमटलेला असतो, दाढीला बसावं तर न्हाव्याच्या फडक्याला शिजत्या हळदीचा वास. उग्र, मातकट, थोडासा औषधी. वारा हरिपूरच्या बाजूनं सुटला की खिडक्या लावून घेतल्या तरी तो वास घरात येतो. लोकांना त्यानं लग्नसराई आठवत असेल. मी या दिवसांत हात खिशात घालून फिरतो. बायको विचारते, "थंडी वाजतीय का?" मी हो म्हणतो. फाल्गुनात ऊन तापलं तरी हो म्हणतो.

यंदा तेवढ्यावर भागलं नाही. थोरल्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा दुपारी बायको आणि मेहुणी बोलत बसल्या होत्या. सवाष्णी कोण कोण बोलवायच्या, पहिली हळद कुणी लावायची. बायकोनं आतून सहज हाक मारली, "अहो, तुमच्या हरिपूरचं मानाचं कुणी आहे का?" मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. घाटापर्यंत चालत गेलो, पायरीवर बसून राहिलो. मानाचं कोण आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तिचा मान कुणी घालवला, तेही.

मी बोलका माणूस नाही. ऐन उमेदीची सगळी वर्षं बोटीवरची वीज सांभाळली. हुद्दा इलेक्ट्रिकल ऑफिसरचा, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी. पण खलाशी मला 'बत्तीसाब' म्हणायचे आणि तेच नाव मला लागू होतं. टोपी केबिनमध्ये खुंटीला असायची आणि मी बॉयलर सूट घालून कुठल्यातरी मोटरीच्या पोटात. क्रेनच्या मोटरीत खारं पाणी शिरलं तर ती उघडून आधी गोड्या पाण्यानं धुवायची, मग ताडपत्रीखाली मोठे बल्ब लावून शेकत ठेवायची, घाई करायची नाही. कुठंतरी वीज गळायला लागली तर एकेक स्विच पाडत जायचं आणि पॅनेलवरच्या दिव्याकडे बघत राहायचं. ज्या स्विचला दिवा सुधारला, त्या वायरीच्या मागं लागायचं, जिने उतरत, वाकत, रांगत. इंजिनाच्या आवाजात बोलायची सोय नसते. खुणेनं विचारायचं, हातानं करायचं. साहेबांपैकी बरेच जण लांबून बोट दाखवत. मी स्वतः पान्हा घ्यायचो. माझ्या हातांचा मला फार गर्व होता.

हा गर्व कुठून आला, त्याचा विचार मी हल्ली करतो. मामाचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. सुट्टीत तिथं गेलो की डोंगरावरून विजेचे मनोरे ओळीनं चाललेले दिसायचे. दमट हवेत तारा गुणगुणायच्या. आणि खाली मामाच्या घरात कंदील. त्याची काच राखेनं पुसायचं काम माझ्याकडं. बोटं काळी व्हायची, काच तडकली की मामी धपाटा घालायची. मामा अंगणात उभा राहून वर बघायचा आणि म्हणायचा, "येवढी डोक्यावरनं वाहत जातीया, खाली एक थेंब न्हाई." मला त्या कंदिलाचा राग होता. साताऱ्याला वायरमनचं शिकायला गेलो तो त्या रागानंच. तिथून मुंबई, मुंबईतून बोट. राग बरोबर घेऊनच सगळीकडं गेलो.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वर तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल असं. आत रांजणासारखं फुगत गेलेलं. आमच्याकडच्या मातीचा गुण असा की आत पाणी झिरपत नाही. हळद भरायची, तोंड बंद करून माती लिंपायची, की ती वर्ष-दोन वर्षं सुखानं राहते. वरून बैलगाडी गेली तरी खाली काही आहे याचा पत्ता लागत नाही. मात्र आत कोंडलेली हवा वाईट. म्हणून पेव उघडलं की आधी बराच वेळ तसंच सोडतात आणि मग दोरीनं पेटता कंदील आत सोडतात. कंदील तेवत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर सगळे कडेला बसून तंबाखू मळतात आणि हवा खेळायची वाट बघतात. यात कुणाला काही शिकवावं लागत नाही. चालत आलेलं आहे.

दत्तू पेवात उतरायचा. आम्ही एका बाकावर शिकलो. मी पुढं गेलो, तो खाली गेला, असं तोच म्हणायचा आणि हसायचा. अंगानं काटक, दोरीवरून सरसर उतरणारा. आत गेला की गाणं म्हणायचा. त्याचा आवाज पेवाच्या पोटात घुमून वर यायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला जमीनच गातीय असं वाटायचं. त्याची बायको इंदू. पेव उघडायचं असलं की ती घरातून कंदील पेटवून आणायची, वाऱ्यानं विझू नये म्हणून पदराच्या आडोशानं. दत्तू लोकांना सांगायचा, "आमच्यात आदी हिचा कंदील उतरतोय, मंग मी. घरातबी असंच हाय. आदी ही, मंग मी." ती म्हणायची, "व्हय, म्हनून तर वर येताय धडधाकट." दत्तूची आई, आम्ही तिला आक्का म्हणायचो, जात्यावरून ओरडायची, "बास झाली गं थट्टा, कामाला लागा."

मी रजेवर आलो की गावात एकच गडबड. कुणी रेडिओ घेऊन यायचा, कुणी विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर पोत्यात गुंडाळून. पिठाच्या गिरणीची मोटर, देवळातला कर्णा. बसायचो अंगणात सगळं पसरून. म्हातारे बाजूला बसून विचारायचे, "बोट ब्याटरीवर चालती का रं?" "समुद्रात तारा कशा नेत्यात?" दत्तू म्हणायचा, "आवं, ह्यो खांब हातात धरून पवत जातोय." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मान ताठ करून.

तो सत्तरच्या दशकाच्या मधला हंगाम. दुष्काळ मागं पडून दोनेक वर्षं झाली होती आणि हळद अशी पिकली होती की ती शिजवायला काहिली कमी पडत होत्या. शिवारात जिकडं तिकडं चुलवाणं धुमसत होती. काहिलीवर पाल्याचा आणि गोणपाटाचा थर, त्यातून वाफ, वाफेत हिरवट पिवळा वास. नवी हळद यायच्या आत जुनी पेवं मोकळी करायची म्हणून व्यापाऱ्यांची घाई. मी बोटीवरून येताना एक हातदिवा आणला होता. जाड रबरी वायर, जाड काच, काचेभोवती पितळी जाळी. आपटला तरी फुटायचा नाही, पाणी पडलं तरी बिघडायचा नाही. तो घरात नुसता टेबलावर ठेवला होता आणि येणारा-जाणारा त्याला हात लावून बघत होता. एक दिवस दत्तू म्हणाला, "आमच्या पेवात कवा सोडतोस ह्यो? कंदिलाच्या उजेडात हळद कुटली आन् माती कुटली कळत न्हाई."

मला कुणीतरी विचारायचाच अवकाश होता.

सकाळची वेळ. व्यापाऱ्याच्या वखारीतल्या प्लगमधून मी वायर ओढून पेवापर्यंत आणली. प्रत्येक जोड स्वतः केला, टेपनं गुंडाळला, ओढून बघितला. दिव्याच्या जाळीला अर्थिंग दिलं. विजेचा म्हणून जो काही धोका होता तो एकूण एक काढून टाकला. लोक जमले होते. पेवाचं तोंड थोड्याच वेळापूर्वी उघडलेलं, गाड्या उभ्या, व्यापारी "चला, चला" करत फिरत होता. मी बटण दाबलं आणि दिवा आत सोडला. आणि खरंच सांगतो, ते दृश्य फार सुंदर होतं. जे पेव जन्मात कुणी कडेपर्यंत पाहिलं नव्हतं ते आतून सगळं उजळलं. गोल भिंती, खाली हळकुंडांचा ढीग, एकेक हळकुंड वेगळं दिसावं असा. लोक वाकून बघायला लागले. "आयला, दिवाळीच की रं!"

इंदूवहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. हातात पेटलेला कंदील.

"भावजी, आदी कंदील सोडायचा असतोय."

मी हसलो. आजही ते हसू कानात आहे. म्हणालो, "ठेवा हो वहिनी तो आता. फुंका. ह्या दिव्याला वारा लागत नाही, हा विझायचा नाही."

त्या थांबल्या. दत्तूकडं बघितलं. दत्तू दोरीला हात घालत म्हणाला, "फुंक की गं. बत्तीवाला सायेब सांगतोय तर." त्यांनी काच वर केली, तोंडानं फुंकर मारली. त्याच वेळी पलीकडून आक्का येत होती. तिनं ती फुंकर पाहिली.

दत्तू उतरला. गाणं सुरू झालं. दोन ओळी झाल्या आणि मध्येच थांबलं. आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. मी वाकून पाहिलं. दिवा लख्ख जळत होता. त्या उजेडात दत्तू गुडघ्यावर बसला होता, आणि मग त्यानं हळदीच्या ढिगावर डोकं ठेवलं, जसं काही दमून आला होता. दिवा तसाच. जराही मिणमिणला नाही.

पुढं जे केलं ते चांगलं केलं, यात शंका नाही. एक गडी आत उडी घ्यायला निघाला, त्याला मी ढकलून दिलं. नाहीतर तोही गेला असता. वखारीतला टेबल फॅन ओढून आणून पेवाच्या तोंडावर आत वारा मारत धरायला लावला. स्वतःच्या काखेतून दोर बांधला, चारजणांच्या हातात दिला, छाती भरून श्वास घेतला, उतरलो. बोटीवर शिकलेली न सरकणारी गाठ दत्तूच्या काखेत मारली, खूण केली. वर आल्यावर त्याच्या तोंडात श्वास भरत राहिलो. आक्का छाती पिटत होती. बऱ्याच वेळानं दत्तूचा एक श्वास आला, मग दुसरा. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तो जगला.

जगला, पण आला तो दुसराच माणूस होता. उजवा हात थरथरायचा. शब्द तोंडाशी येऊन परत जायचे. सकाळचं दुपारी ध्यानात राहायचं नाही. पेव त्याला पुन्हा दिसलं नाही.

देवळापुढं माझा सत्कार झाला. शाल, नारळ. व्यापारी बोलला, मास्तर बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी, न बोलणारा माणूस, चांगला बोललो. बोटीवर अशा प्रसंगी काय करतात, घाबरून आत उडी का घ्यायची नाही, दोर कसा बांधायचा. टाळ्या पडल्या. एक गोष्ट सांगितली नाही. बोटीवर तेलाच्या रिकाम्या टाकीत माणूस उतरायचा असला की आम्ही दोन दिवे सोडायचो. माझा विजेचा, बघायला. आणि त्याच्या आधी जाळीतल्या ज्योतीचा एक दिवा, हवेला विचारायला. ती ज्योत विझली की कॅप्टनचा हुकूम असला तरी कुणी उतरत नाही. हा नियम मला पाठ होता. कितीतरी वेळा मी स्वतः त्या टाक्यांवर पंखे बसवले होते. म्हणजे जे इंदूवहिनींना घरातून मिळालं होतं तेच मला बोटीवर मिळालं होतं. दोन्हीकडून मला माहीत होतं. पण बोटीवरच्या ज्योतीला मी मशीन समजायचो आणि वहिनींच्या हातातल्या ज्योतीला अडाणीपणा. दत्तू माझ्या दिव्याच्या उजेडात पडला, कारण माझ्या दिव्याला हवा लागतच नव्हती. तो काय सांगणार?

तरीसुद्धा इथपर्यंतची ती चूक होती. चूक माणसाला कधीतरी माफ होते. खरी गोष्ट यानंतरची आहे आणि ती मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

आमच्याकडं दिवा विझवला असं म्हणतसुद्धा नाहीत. दिव्याला निरोप द्यायचा, पदरानं वारा घालायचा. तोंडानं फुंकायचा नाही. आक्कानं ती फुंकर पाहिली होती. दत्तू दवाखान्यात असतानाच तिनं दारात बसून सुरुवात केली. "हिनं फुकला. माझं लेकरू खाली उतरत हुतं आन् हिनं त्याच्या तोंडावर दिवा फुकला." गल्लीतल्या बायकांनी माना हलवल्या. वहिनींनी सांगितलं, "भावजी म्हनले म्हनून फुकला. मी तर आदी न्हाई म्हनत हुते." त्यावर आक्का माझ्याकडं आली.

मी अंगणात कुणाचातरी रेडिओ उघडून बसलो होतो. आक्का समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"ही म्हनतीया, तू सांगितलंस फुक म्हनून. व्हय रं?"

मी स्क्रू फिरवत राहिलो. सत्काराची शाल आत दोरीवर होती. मला वाटलं, हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, का सांगितलंस? आणि मग ते सगळं बाहेर येणार, कंदील, ज्योत, टाकीचा नियम.

"मला आठवत नाही, आक्का," मी म्हणालो. "गडबड होती फार. ध्यानात नाही."

आक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. जाताना म्हणाली, "तू तिला खोटी न्हाईच म्हननार. तुझं मन मोटं. ज्यानं माझं पोर वर काढलं त्याच्यावर आळ घेती रांड."

आळ हा शब्द तेव्हापासून माझ्या अंगाला चिकटला आहे. पिवळा डाग निघतो. साबणानं नाही निघाला तर उन्हानं उडतो.

त्या दिवसापासून वहिनींना त्या घरात दिव्याला हात लावायची बंदी झाली. देवापुढचं निरांजन आक्का लावणार. कंदील आक्का लावणार. मी पुढच्या रजेला आलो तेव्हा मनाला बरं वाटावं म्हणून त्यांच्या घरात वीज घेऊन दिली. सगळं फिटिंग माझ्या हातांनी केलं. दत्तूच्या खाटेवर पंखा बसवला. आक्कानं मला पेढा दिला. पुढच्या वर्षी कळलं की विजेचं बटणसुद्धा वहिनींनी दाबायचं नाही. संध्याकाळी आक्का शेजारी गेलेली असली तर घरात अंधार. वहिनी चुलीच्या उजेडात भाकरी थापत बसलेल्या, डोक्यावर माझा बल्ब. मी ते दारातून पाहिलं आणि आत न जाता परत फिरलो.

बाहेरचं त्याहून वाईट. दत्तू कामातून गेला तो गेलाच, वहिनी हळद निवडायला यार्डात जायला लागल्या. हंगामभर हळदीत हात. आणि गल्लीत लग्न असलं की हळदीला सगळ्या सवाष्णींना बोलावणं, ह्या एका सवाष्णीला नाही. नवरा हयात, कपाळावर कुंकू ठसठशीत, कोपरापर्यंत हात पिवळे, आणि नवरीच्या गालाला त्या हातांचा स्पर्श नको. हे हरिपुरात. मी जपानच्या बंदरात असलो तरी माघ महिना आला की मला ते हात दिसायचे. स्विचबोर्डापुढं उभा राहून मी स्वतःला सांगायचो, या रजेला सांगून टाकू. रजेला आलो की आक्काच्या देखत कसं, दत्तूच्या देखत कसं, आता जुनं झालं, उकरून काय होणार. मग आक्का गेली. तिच्या मातीला मी खांदा दिला. तेव्हासुद्धा लोक म्हणाले, लेकासारखा आला बघा.

काल हरिपूरला गेलो.

तसा रस्ता बदललाय. चिंचा तेवढ्याच आहेत. दत्तूच्या अंगणात पाच-सहा बायका हळकुंडं आणि गड्डे वेगळे करत बसल्या होत्या. वहिनींचे केस पांढरे झालेत. दत्तू दारात खाटेवर, उन्हाला पाय सोडून. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या भावजी," वहिनी म्हणाल्या. हात थांबला नाही. "पोरीचं ठरलं म्हनं."

"हो." मी उभाच राहिलो. "त्यासाठीच आलो. पहिली हळद तुम्ही लावायची, वहिनी."

बायकांचे हात थांबले. वहिनींचे नाही.

"मी?"

"तुम्हीच."

"हितं गल्लीत मला कुनी हाक मारत न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे. म्हणून तर..."

त्या हसल्या. मोठ्यानं नाही. "मंग लोक म्हनतील, बगा, सायेबानं केवडं मन मोटं केलं. जिला कुनी बोलवंना तिला ह्यानं पाटावर बसवलं. परत तुमालाच नारळ, भावजी."

त्यांनी एक गड्डा उचलला, माती झटकली, बाजूला टाकला.

"कंदील फुक म्हनून कोन म्हनलं हुतं?"

"मी."

"आन् सासूबाईनं इचारलं तवा?"

"मी... आठवत नाही म्हणालो."

"आटवत हुतं?"

"हो."

"मला कशाला सांगताय मंग? मला म्हायती हाय." त्यांनी प्रथमच मान वर केली. "त्यास्नी सांगा."

आणि मग बायकांकडं वळून, जशी चहाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "ए, ऐका गं जरा. ह्यास्नी काय सांगायचंय."

मी सांगितलं. हात कुठं ठेवावेत कळेना, खिशात घालवेनात. मी म्हणालो, यांनी कंदील सोडा म्हणून सांगितलं होतं. मी फुंकायला लावला. फुंकरीनं काही झालं नाही. कंदील आत गेला नाही म्हणून झालं. गेला असता तर विझला असता, आणि दत्तू उतरलाच नसता. हे मला तेव्हाच कळलं होतं. आक्कानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. देवळापुढच्या भाषणात मला शब्द कमी पडले नव्हते. इथं एकेक ओढून काढावा लागला.

मग कडेला बसलेली एक म्हातारी, आक्काच्या बरोबरीची असावी, डोळे बारीक करून माझ्याकडं बघत म्हणाली, "आन् येवढी वर्सं कुटं हुतास रं बाबा? आक्का हुती तवर तरी यायचं."

मी बोटीवर होतो, असं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

वहिनींनी सूप पुढं ओढलं. बायकांचे हात हळूहळू चालू झाले. लग्नाला येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत, आणि ते पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी निघायला वळलो तेवढ्यात दत्तूनं खाटेवरून हाक मारली. या सगळ्यातलं त्याला किती कळलं होतं कोण जाणे.

"ए बोटीवाल्या. त्यो दिवा हाय का रं अजून?"

"आहे."

"लय झ्याक उजेड हुता गड्या." त्याचा थरथरता हात वर गेला, बोटांनी हवेत एक गोल केला, पेवाच्या पोटासारखा. "सगळी हळद... सोन्यावानी. येक न् येक हळकूंड दिसत हुतं. मी गानं म्हनत हुतो." तो थांबला. कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधायला लागला. "मंग... फुडचं ध्येनात न्हाई." आणि लगेच पुन्हा हसला. "पर उजेड... लय उजेड हुता."

"रोज सांगत्यात," वहिनी सुपातून डोळे न काढता म्हणाल्या. "दुसरं काय बी ऱ्हायलं न्हाई डोक्यात. तेवडंच हाय." पायानं त्यांनी जवळचा पाट माझ्याकडं सरकवला. "बसा. येवढी वर्सं मी ऐकलं. आता तुमी ऐका."

मी बसलो. दत्तूनं पहिल्यापासून सुरुवात केली.